पुली बदलली, ताकद कुठून आली?

आज नांदुऱ्यात आपण इंजिनाचा इतिहास बोलणार आहोत, पण सुरुवात एका साध्या प्रश्नाने करू. पुली लहान-मोठी केली तर इंजिनाची ताकद वाढते का? आणि पुली बदलल्यावर इंजिन तापतं, ते का? प्रश्न मिस्त्रीच्या दुकानातला आहे. उत्तर मात्र शोधायचं तर दीडशे वर्षं मागे जावं लागतं.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली. १८७० मध्ये जलंबहून खामगावची शाखा सुरू झाली. वऱ्हाडचा कापूस रेल्वेने मुंबई बंदराला जाऊ लागला आणि या पट्ट्यात जिन-प्रेस उभे राहिले. जिनात वाफेचं एक मोठं इंजिन असायचं. छताखाली लांबच लांब शाफ्ट, शाफ्टवर पुल्या, आणि प्रत्येक पुलीवरून पट्टा खाली एकेका यंत्राला. यंत्र जोरात फिरवायचं तर पुली बदलायची. काम वाढलेलं डोळ्यांना दिसायचं.

आमचं म्हणणं असं की 'पुली बदलली की ताकद वाढते' हा समज अशा अनुभवातूनच रुजला असावा. अनुभव खोटा नव्हता. पण वाढलेली ताकद पुलीची नव्हती, बॉयलरची होती. इंजिन मोठं, अंगात राखीव जोर. भार वाढला की भट्टीत इंधन जास्त पडायचं, इतकंच. आणि तापण्याचं म्हणाल, तर वाफेच्या इंजिनाचा सिलिंडर गरमच राखायचा असतो. तो थंड झाला तर वाफेचं पाणी होतं. म्हणजे गारव्याची काळजी त्या काळात नव्हतीच.

ती आली तेल इंजिनाबरोबर. विलायतेच्या लिस्टर कंपनीचं संथ डिझेल इंजिन, मिनिटाला ६५० फेरे, ताकद ६ अश्वशक्ती. त्याच धर्तीची इंजिनं पुढे राजकोटला बनू लागली. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. विहिरीवरची मोट जाऊन इंजिन आलं, पिठाच्या गिरणीतही आलं. पण हे इंजिन लहान. ६ अश्वशक्ती म्हणजे ६च, मागे राखीव बॉयलर नाही. शिवाय डिझेलच्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा कामाला लागतो. उरलेली धुराबरोबर आणि थंड करणाऱ्या पाण्याबरोबर बाहेर काढावी लागते.

आता हिशेब करू. इंजिनाची पुली १८ इंच, पंपाची ८ इंच. ६५० गुणिले १८ भागिले ८, म्हणजे पंप मिनिटाला साधारण १,४६० फेरे घेतो. चैत्र-वैशाखात विहिरीचं पाणी खाली जातं, धार बारीक होते. शेतकरी म्हणतो, पंपाची पुली ७ इंची बसवा. फेरे होतात १,६७०च्या आसपास, म्हणजे १४ टक्के वाढ. पण पंख्यासारखा फिरणारा हा पंप वेगाच्या घनाच्या प्रमाणात ताकद मागतो. १.१४ चा घन जवळजवळ १.५. आधी ५ अश्वशक्ती लागत असेल, तर आता साडेसात हवी. इंजिनाकडे आहेत ६. मग गव्हर्नर डिझेल पुरं सोडतो, तरी इंजिन दबतं, काळा धूर ओकतं, डबक्यातलं पाणी उकळायला लागतं. पुलीने ताकद दिली नाही, मागितली.

गंमत बघा, नुकसान दुहेरी होतं. बऱ्याच ठिकाणी पंपाच्याच पाण्याची बारीक नळी इंजिनाला गारवा द्यायला जोडलेली असते. पाणी कमी उपसलं गेलं की इंजिनाच्या वाट्यालाही कमी येतं. आणि आपल्या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात तर क्षारांचा थर जॅकेटमध्ये बसतो. पाणी फिरतं, पण उष्णता उचलत नाही. दोष मात्र मिस्त्रीच्या नाहीतर इंजिनाच्या माथी. त्यातून पंप पाण्यापासून सात-आठ मीटरपेक्षा उंच असेल, तर कितीही फिरवा, ओढ लागत नाही. तिथं पुली नव्हे, पंप खाली घ्यायला हवा.

ट्रॅक्टरवर हाच प्रश्न उलटा येतो. पंखा आणि पाण्याचा पंप ज्या पुलीवरून फिरतात, ती लहान केली की ते मंदावतात. पंख्याचा वेग १० टक्के घटला तर त्याची ताकदेची मागणी सुमारे २७ टक्के घटते. तेवढी बचत चाकाकडे जाते, हे खरं. पण हवाही घटते. नांगरताना ट्रॅक्टर मंद चालतो, समोरून वारा मिळत नाही आणि भार मात्र पुरा असतो. तिथं ही बचत महाग पडते.

म्हणून पुली बदलण्याआधी तीन गोष्टी बघा: इंजिनाच्या पाटीवरची अश्वशक्ती आणि फेरे, पंपाच्या पाटीवरचे फेरे, आणि पाण्याची पातळी. जिनातल्या मोठ्या इंजिनाला जे पचलं, ते विहिरीवरच्या लहान इंजिनाला पचेलच असं नाही. कुणाच्या शेतात असं इंजिन अजून चालू असेल, तर प्रश्नोत्तरात त्याचे आकडे सांगा, आपण इथेच हिशेब करू.