कलकत्त्याचे महेशचंद्र आणि काळ्याचा पवित्रा

बुद्धिबळाच्या पटावर काळे मोहरे ज्याच्या वाट्यास आले, त्याच्यापुढें पहिल्या खेळीपाशींच एक प्रश्न उभा राहतो. प्रतिपक्षाचें प्यादें पटाच्या मध्यभागीं येऊन ठाकलेलें असतें. त्याच्याशीं बरोबरीनें भिडावयाचें, कीं त्यास येऊं देऊन मागून त्याचा पाया पोखरावयाचा? आणि एकदां जें ठरविलें तें डावामागून डाव चालवावयाचें, कीं चार पराभव पदरीं पडतांच टाकून द्यावयाचें? या प्रश्नाचा इतिहास युरोपांतील ग्रंथांतून विस्तारानें लिहिला गेला आहे. परंतु त्यांतील एक फार मोलाचें प्रकरण कलकत्त्यास घडलें, आणि त्याची आपल्याकडे व्हावी तितकी चर्चा झालेली नाहीं.

जॉन कॉक्रन (१७९८-१८७८) हा जातीचा स्कॉच, पेशानें बॅरिस्टर. या खेळावरील त्याचा ग्रंथ १८२२ सालीं लंडनास प्रसिद्ध झाला. पुढें वकिलीसाठीं तो कलकत्त्यास येऊन राहिला. १८४१ ते १८४३ या काळांत तो विलायतेस गेला असतां स्टाँटनशीं त्याचे शेकडों डाव झाले. हा स्टाँटन म्हणजे १८४३ सालीं पॅरिसला सँतामाँचा पराभव करून युरोपांत अग्रपूजेचा मान मिळविणारा खेळाडू. असा कसलेला मल्ल कलकत्त्यास परतल्यावर त्यास तोलाचा जोडीदार कोठून मिळावा? पण तो मिळाला. तेथील बुद्धिबळ मंडळाच्या एका सभासदास मुफसलांत फिरत असतां, कधींच न हरलेला म्हणून ख्याति असलेल्या एका ब्राह्मणाची वार्ता लागली. हेच महेशचंद्र बंदोपाध्याय. १८४८ पासून पुढें कित्येक वर्षें या दोघांचे डाव चालले, आणि कॉक्रननें ते टिपून ठेवल्यामुळें आज आपणांस पाहावयास मिळतात.

महेशचंद्र ज्या नियमांनीं वाढले ते देशी होते. त्यांत प्याद्यानें पहिल्या खेळीसहि एकच घर चालावयाचें. युरोपीय पद्धतीचा किल्लेकोट नाहीं. राजास फार तर एकदां घोड्यासारखी उडी घेण्याची मुभा. अशा खेळांत मध्यभागीं धांव घेऊन ठाण मांडणें शक्यच नसतें. खेळाडू आपलीं प्यादीं एकेक घर सरकवितो, घोड्यापुढील प्यादें जरासें उचलून उंटास लांब कर्णावर बसवितो, आणि मगच हातघाईवर येतो. युरोपीय दृष्टीस ही रीत भित्री वाटे. काळ्यानें राजापुढील प्यादें समोरच्याप्रमाणेंच दोन घरें टाकून तोंडास तोंड द्यावें, हाच तिकडील बहुमान्य रिवाज होता. सिसिलियन, फ्रेंच वगैरे प्रकार माहीत होते, तरी त्यांचा मान दुसरा.

महेशचंद्रांनीं हा बहुमान्य रिवाजहि आजमावून पाहिला. १८४८ च्या एका डावांत त्यांनीं राजाचें प्यादें बरोबरीनें पुढें टाकलें व मग राजाकडील घोडा काढला. कॉक्रननें चौथ्या खेळीस आपला घोडा बळी देऊन त्यांच्या राजाजवळील प्यादें मारलें! या साहसास आजहि कॉक्रनचेंच नांव आहे. परक्याच्या अंगणांत त्याच्याच रीतीनें कुस्ती धरली म्हणजे असे डाव अंगावर येतात. पण महेशचंद्रांनीं कर्णावरील उंटाची आपली बैठक सोडली नाहीं. एका डावांत कॉक्रननें मध्यभागीं चार प्याद्यांची फळीच उभारली. महेशचंद्रांनीं ती येऊं दिली, आणि अखेर वजीर देऊन डाव जिंकला.

त्याहून महत्त्वाचा डाव १८५५ चा. कॉक्रननें वजिराचें प्यादें पुढें टाकलें. महेशचंद्रांनीं घोडा काढला, त्याच्यापाठचें प्यादें एक घर सरकवून उंटासाठीं कर्ण मोकळा केला, आणि नंतर आपलें वजिराचें प्यादें एकदम दोन घरें टाकून समोरच्या फळीवर घाव घातला. हीच खरी मौज आहे. उंटाची बैठक देशी, पण प्याद्याची दुहेरी उडी नव्यानें शिकलेली! तेव्हां त्यांची निष्ठा ही केवळ संवयीची गुलामगिरी होती, असें म्हणतां येत नाहीं.

एकंदर हिशेबांत कॉक्रनचें पारडें बरेंच जड राहिलें, हें लपविण्याचें कारण नाहीं. परंतु त्यावरून पवित्राच चुकीचा, हा निर्णय घाईचा होय. हरणारा प्रारंभामुळेंच हरतो असें थोडेंच आहे? पहिल्या महायुद्धानंतर रेटी, निम्झोविच प्रभृति नव्या मताच्या खेळाडूंनीं, मध्य व्यापण्यापेक्षां त्यावर दुरून मारा ठेवावा, असा सिद्धांत मांडला, आणि अशा बचावांस ‘भारतीय’ हें विशेषण कायमचें चिकटलें. तरीहि राजाकडील भारतीय बचावाबद्दलचा संशय पुरता फिटला तो ब्रॉनस्टाइन व बोलेस्लाव्स्की यांनीं तो वारंवार खेळून दाखविल्यावरच.

चिकाटीचे प्रकारहि दोन दिसतात. जर्मनीचा वोल्फगांग उलमान (१९३५-२०२०) राजाच्या प्याद्यास जन्मभर बहुधा फ्रेंच बचावानेंच उत्तर देत राहिला. प्रतिस्पर्धी घरून तयारी करून येत, पण त्या वाटेवरील खांचखळगे त्याच्याइतके कोणास ठाऊक नसत. उलट कास्पारोव्हनें वर्षानुवर्षें वापरलेला राजाकडील भारतीय बचाव १९९७ मध्यें क्रामनिककडून हार पत्करल्यावर जवळजवळ सोडून दिला. माझा कल उलमानकडे आहे; मात्र ज्याच्या हातीं दुसरीं शस्त्रेंहि तितकींच धारदार होतीं, त्यास दोष देतां यावयाचा नाहीं. महेशचंद्रांजवळ ग्रंथांचें पाठबळ नव्हतें; त्यांची तयारी होई ती पटावर, प्रत्यक्ष हार खाऊन.

१९२२ सालीं व्हिएन्नास अर्न्स्ट ग्रुनफेल्डनें त्याच मांडणीनें आलेखिनचा पराभव केला, आणि ती मांडणी त्याच्या नांवानें रूढ झाली. ६७ वर्षांपूर्वीं कलकत्त्यास खेळला गेलेला डाव आतां वर्गवारींत ‘ग्रुनफेल्ड बचाव’ याच सदराखालीं शोधावा लागतो.