टरफलाचं तेल
चुलीवर काजूच्या बिया भाजायला घेतल्या की आजी ओरडायची, "पोरांनू, लांब ऱ्हवा, चीक उडतलो!"

काजूचा इतिहास लिहिणारे सगळे गराच्या मागे. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात झाड आणलं, 1957 मध्ये वेंगुर्ल्याला फळ संशोधन केंद्र निघालं, 'वेंगुर्ला-4'सारख्या जाती आल्या. मी रसायनशास्त्र शिकवण्यात जन्म घालवला, म्हणून मला टरफलच जास्त खुणावतं. बीच्या वजनात गर जेमतेम तीस टक्के. उरलेल्या टरफलातलं काळं, जहाल तेल आमच्या किनाऱ्यावर होड्यांच्या फळ्यांना चोपडत, म्हणजे किडा लाकूड पोखरत नाही. बिया फोडणाऱ्या बायका मात्र बोटांना राख नाहीतर खोबरेल फासून बसत, तरी कातडी सोलवटायचीच. होड्या फायबरच्या झाल्या आणि त्या तेलाचं गावातलं काम संपत आलं.

जहालपणा मुख्यतः अ‍ॅनाकार्डिक आम्लाचा. तापवलं की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो नि कार्डानॉल उरतं. म्हणजे फिनॉलचं कडं आणि पंधरा कार्बनांची शेपटी. ही शेपटी हायड्रॉक्सिलच्या बरोबर समोर नसते, मधे एकच कार्बन सोडून बसते. सगळी गंमत त्या तिरक्या जागेत आहे.

ती कळायला द्रवस्फटिकांकडे, म्हणजे द्रवासारखे वाहूनही रेणूंची शिस्त राखणाऱ्या पदार्थांकडे, वळायला हवं. 1888 मध्ये प्रागला वनस्पतिशास्त्रज्ञ रायनिट्झरला ते दिसले, तेव्हापासून बराच काळ सगळा भर काठीसारख्या सरळ रेणूंवर होता. 1996 मध्ये टोकियोच्या संशोधकांनी दाखवलं की वाकडे रेणू एकाच दिशेला बाक करून रचले जातात आणि विजेच्या क्षेत्राने ती दिशा पालटते. पुढे असे वाकडे गट पॉलिमरच्या साखळीला बाजूने टांगून पाहिले गेले. जगाने या रेणूंना केळी म्हटलं. वेंगुर्लेकराने काजूगरच म्हटलं असतं.

कार्डानॉल त्या केळ्यांच्या जातीचं नव्हे, पण तिरकी जागा त्याच्याकडे आयती आहे. तिरुवनंतपुरमच्या सी. के. एस. पिल्लई यांनी कार्डानॉलपासून मिळणारं एक आम्ल साखळीत गुंफून द्रवस्फटिकी पॉलिएस्टर केला, 1992 मध्ये तो प्रसिद्ध झाला. निव्वळ सरळ घटकांचा तसला पॉलिमर वितळण्याआधीच विघटित होतो. मधे बाक आणि लवचीक तुकडा आला की तो कमी तापमानाला वितळतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत वाडगावकरांच्या गटाने तीच पंधरा कार्बनांची शेपटी पॉलिमरच्या बाजूला लोंबती ठेवली, तेव्हा एरवी सहजी न विरघळणारे पॉलिमर साध्या द्रावकांत विरघळू लागले.