म्युझिक व्हिडिओ निर्मितीतील विद्यार्थी-सराव : उरणच्या धवल्यांच्या संदर्भात

प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) या बोलपटात गोविंदराव टेंबे, दुर्गा खोटे हे कलावंत चित्रीकरणावेळीच प्रत्यक्ष गात असत. ‘धूप छाँव’पासून (१९३५) पार्श्वगायन रुळू लागले व आवाज आणि चेहरा यांची फारकत झाली. आजचा म्युझिक व्हिडिओ प्रामुख्याने याच फारकतीवर उभा आहे. उरण परिसरातील आगरी विवाहात मात्र धवलारीण धवले गाऊन विधी पार पाडते. तेथे गीत विधीपासून वेगळे काढता येत नाही. विद्यार्थ्यांनी धवला चार मिनिटांत कापून दुसऱ्याच चेहऱ्यावर चित्रित केल्यास धवलारीण अनामिक ठरते. म्हणून सरावाचा पहिला धडा असा की, तिच्या संमतीने संपूर्ण धवला सलग ध्वनिमुद्रित करावा, श्रेयनामावलीत तिचे नाव द्यावे आणि संकलन त्यानंतरच करावे.