दोष कुणाच्या माथी? बीजांडकोश, मेद आणि मायबहिणींचा इतिहास



आपल्या वऱ्हाडात एखादी सून अंगाने भरली, की शेजारणी म्हणतात, "खात्यापित्या घरची दिसते." त्यात कौतुक असते. पण त्याच सुनेची कूस दोनचार वर्षांत उजवली नाही, तर कौतुक सरते आणि एक जिव्हारी लागणारा शब्द दारात येऊन उभा राहतो. तिची पाळी तीन-तीन महिने येत नाही, हनुवटीवर केस येतात, मानेचा मागचा भाग काळवंडतो. घरातले म्हणतात, बसून खाते म्हणून असे झाले. देवर्षी म्हणतो, बाहेरचे आहे. आज शहरातले डॉक्टर या दुखण्याला पीसीओडी किंवा पीसीओएस म्हणतात. अंगावरचा मेद आणि हे दुखणे यांचे नाते काय, हे माणसाला कसे कसे उमगत गेले, आणि तोवर दोष कुणाच्या माथी मारला गेला, त्याचा हा थोडा इतिहास.

सुरुवात आपल्या घरापासून करू. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात एकविसावा अध्याय आहे. त्यात निंद्य मानलेल्या आठ प्रकारच्या देहांची गणना आहे, आणि त्यांतल्या अतिस्थूल व अतिकृश या दोघांचा विचार सविस्तर केला आहे. स्थूलपणाची कारणे सांगताना ग्रंथकार जड व गोड खाणे, व्यायाम नसणे, दिवसा झोपणे ही तर सांगतोच. पण बीजस्वभाव, म्हणजे आईबापांकडून आलेली प्रकृती, हेही एक कारण मोजतो. हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. माणूस केवळ जिभेमुळे लठ्ठ होत नाही, हे त्या काळीही वैद्यांना दिसले होते. उपाय म्हणून जव, मूग, कुळीथ, सावा अशी धान्ये सांगितली आहेत.

आता जरा दूर जाऊ. १७२१ साली इटलीतल्या अंतोनिओ व्हॅलिस्नेरी या वैद्याने एका तरुण शेतकरी बाईची हकीकत लिहून ठेवली. बाई विवाहित होती, अंगाने जराशी स्थूल होती आणि तिला मूल नव्हते. तिचे दोन्ही बीजांडकोश नेहमीपेक्षा मोठे, पांढुरके, चकचकीत आणि कबुतराच्या अंड्यांसारखे दिसले. या दुखण्याची ही सर्वांत जुनी नोंद मानतात. राणी नव्हे, सरदारीण नव्हे; शेतातली बाई. तिचे नाव कुणी लिहून ठेवले नाही.

व्हॅलिस्नेरीने दुखणे पाहिले, पण त्याचा अर्थ लागायला आणखी दोनशे वर्षे जावी लागली. आपल्याकडे तर त्या काळात बाईने परपुरुष डॉक्टरला नाडी दाखवणेही कठीण. १८८५ साली लेडी डफरीन यांच्या पुढाकाराने हिंदुस्थानातल्या स्त्रियांना स्त्री-वैद्य मिळावे म्हणून एक फंड निघाला. त्यांचे नाव अमरावतीच्या जिल्हा स्त्री रुग्णालयाला आजही चिकटलेले आहे. लोक त्याला डफरीनच म्हणतात. अकोल्याच्या स्त्री रुग्णालयाचे नाव लेडी हार्डिंग. बायांनी बायांजवळ आपले दुखणे उघडे करावे, अशी ही ठिकाणे. पण तिथे मुख्यत्वे बाळंतिणीच जात आल्या. जिला दिवसच जात नाहीत, ती कोणत्या तोंडाने जाणार? ती नवसाला जाई, नाहीतर माहेरी. आणि नवरा दुसरी करून आणी. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने हिंदूंमध्ये एक बायको असताना दुसरी करण्यास मनाई केली. तोवर निपुत्रिकपणाच्या सबबीवर सवत आणणे ही उघड रीत होती. नवऱ्याची तपासणी मात्र कुणी मागत नसे.

इकडे विसाव्या शतकात दोन वेगवेगळ्या वाटांनी शोध चालला होता. १९२१ साली पॅरिसच्या आशार आणि तिएर या दोघा डॉक्टरांनी दाढी येणाऱ्या बायांच्या मधुमेहावर लेख लिहिला. केस आणि साखर यांची गाठ पहिल्यांदा दिसली ती इथे. पुढे १९३५ साली अमेरिकेत शिकागोला स्टाइन आणि लेव्हेंथल यांनी सात बायांची हकीकत छापली. पाळी बंद, बीजांडकोश मोठे आणि त्यांत बारीक बारीक पुटकुळ्या. काहींच्या अंगावर केस, काही स्थूल. पण सातही जणी स्थूल नव्हत्या, हे विसरू नये. डॉक्टरांनी बीजांडकोशाची फोडीसारखी एक चकती कापून काढली आणि पाळी परत सुरू झाली. बरीच वर्षे या दुखण्याला त्या दोघांचेच नाव होते. १९६१ पासून बीज पिकवणारी गोळी हाती आली, तसतशी ती कापाकापी मागे पडली.

पण मूळ प्रश्न राहिलाच. मेदाचा आणि बीजांडकोशाचा संबंध काय? एक पोटावर, एक पोटात. मध्ये दुवा कोणता?

उत्तर रक्तात होते, आणि ते मोजायला माप नव्हते. इन्सुलिनचा शोध कॅनडात १९२१ साली लागला. जेवणातून आलेली साखर अंगाच्या पेशींत पोहोचवणारा हा रस. पण रक्तात तो इतका थोडा असतो, की त्याचे मोजमाप करण्याची खात्रीची रीत रोझलिन यॅलो या विदुषीने आणि तिचे सहकारी बर्सन यांनी १९६० च्या सुमारास बसवली. यॅलोबाईंना १९७७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. माप हाती आल्यावर १९८० साली अमेरिकेतल्या टेनेसीमधल्या डॉक्टरांनी दाखवून दिले, की या दुखण्याच्या स्थूल बायांच्या रक्तात इन्सुलिन जास्त असते, आणि ते जितके जास्त तितके पुरुषी संप्रेरकही जास्त. दुवा सापडला तो असा.

हे कसे घडते ते वावरातल्या भाषेत सांगतो. समजा एका वावरात पाणी मुरत नाही. कास्तकार काय करील? दुप्पट पाणी सोडील. पण दांडातले पाणी तिथेच थांबत नाही. शेजारचे वावर चांगले पाणी पिणारे. तिथे ते तुंबते आणि तिथले पीक पिवळे पडते. अंगात तसेच होते. स्नायू इन्सुलिनला दाद देत नाहीत, म्हणून शरीर ते जास्त सोडते. बीजांडकोश मात्र त्याला दाद देतो, आणि त्या भरतीत जास्तीचे पुरुषी संप्रेरक तयार करू लागतो. मग दर महिन्याला एक बीज पूर्ण पिकायचे, ते अर्ध्यावरच थांबते. ही अर्धवट बीजघरे म्हणजेच सोनोग्राफीत दिसणाऱ्या त्या पुटकुळ्या. पोटाभोवती मेद वाढला की स्नायू आणखी हट्टी होतात, इन्सुलिन आणखी वाढते, आणि वाढलेल्या इन्सुलिनने मेद साठायला मदत होते. मेदाने दुखणे वाढते, दुखण्याने मेद. आधी कोण, हे प्रत्येकीत वेगळे. आणि सडपातळ बाईलाही हे होऊ शकते.

आता पुन्हा वऱ्हाडात येऊ, कारण एक कोडे आपल्याच दाराशी आहे. हा मुलूख उपाशी राहिलेला मुलूख. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतल्या यादवीच्या काळात कापसाला सोन्याचा भाव आला आणि कपाशी वावरावावरांत पसरली. पण कापूस खाता येत नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांत धान्य महागले आणि माणसे मेली. आजही याच अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटात, धारणी-चिखलदऱ्याकडे, लेकरांच्या कुपोषणाची बातमी दर काही वर्षांनी येते. मग उपाशी मुलखात लठ्ठपणाचे दुखणे कुठून आले?

याचे काही उत्तर पुण्याकडच्या खेड्यांतून मिळाले. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून सहा खेड्यांतल्या बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. पण आपल्या बाळांत कमी काय होते? स्नायू कमी होते. चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. दिसायला बारीक, आतून मेदाचे. आईच्या पोटात अन्न तुटपुंजे, म्हणून देह जपून साठवायला शिकतो, असा त्याचा अर्थ लावतात. पुढे अशा मुलीला भरपूर खायला मिळाले आणि अंगमेहनत सुटली, तर तिचा मेद पोटाभोवती लवकर साठतो. म्हणूनच भारतीयांसाठी वजनाची धोक्याची रेघ खाली ओढली आहे, आणि बाईच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त असला तर जपावे, असे सांगतात.

दरम्यान आपले जगणेही बदलले. जाते माळ्यावर गेले, चक्की आली. ज्वारीच्या भाकरीची जागा पोळीने आणि चहाबरोबरच्या टोस्ट-बिस्किटांनी घेतली. जात्यावर पहाटे मान मोडून दळावे, असे मी म्हणत नाही; ते कष्ट गेले हे बरेच झाले. पण त्यांच्या जागी दुसरी हालचाल आली नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सुमारे २१ टक्के स्त्रिया फार कृश आणि सुमारे २३ टक्के जादा वजनाच्या आढळल्या. चरकाने ज्या दोन देहांचा विचार एकत्र केला, ते दोन्ही आज एकाच तालुक्यात, कधी एकाच घरात दिसतात.

मग करावे काय? पहिली गोष्ट, घाबरू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने मूल होण्याच्या वयातल्या दर शंभर जणींत दहा ते तेरा जणींना हे दुखणे असते, आणि पुष्कळजणींना त्याचा पत्ताच नसतो. दुसरी गोष्ट, वजन जास्त असेल तर पाच ते दहा टक्के उतरले तरी अनेकींची पाळी रांगेला लागते. म्हणजे सत्तर किलोच्या बाईने साडेतीन ते सात किलो. त्यासाठी उपास नकोत. भाकरी, डाळ-उसळ, पालेभाजी पोटभर. साखर आणि तळण कमी. आणि रोज अर्धा तास झपझप चालणे. १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ ज्या अमरावतीत निघाले, तिथे व्यायाम ही परकी गोष्ट नाही. फक्त ती लेकीसुनांनाही करू द्यावी. तिसरी गोष्ट, एवढ्याने भागले नाही तर औषधे आहेत. स्त्री रुग्णालयात जावे, साखरही तपासून घ्यावी, कारण या बायांना पुढे मधुमेहाचा धोका जास्त. पाळी वर्षानुवर्षे तुंबली तर गर्भाशयाच्या अस्तरालाही अपाय होतो. आणि मूल होत नसेल तर नवऱ्याचीही तपासणी करावी.

शाळेतल्या गुरुजींना आणि बाईंना एक विनंती. पाळी सुरू झाल्यावर पहिली एकदोन वर्षे ती मागेपुढे होणे स्वाभाविक आहे. पण तीन वर्षांनंतरही वर्षाकाठी आठपेक्षा कमी वेळा येत असेल, तर त्या मुलीच्या आईला बोलावून दवाखान्याचा रस्ता सांगा. वर्गात तिच्या वजनावरून किंवा ओठावरच्या लवीवरून कुणी हसत असेल, तर तिथल्या तिथे थांबवा. हसण्याने वजन उतरत नाही. पोर शाळा मात्र सोडते.

व्हॅलिस्नेरीने पाहिलेल्या त्या शेतकरी बाईला आपल्याला काय झाले हे कधी कळले नसेल. आपल्या लेकीसुनांना ते कळू शकते, आणि कळल्यावर त्यांना नावे ठेवण्याचे कारण उरत नाही. एवढे आपण आपापल्या घरी सांगितले तरी पुष्कळ झाले.