पंचातले पाच आणि बाटलीतले फळ

कोल्हापुरात 'एक कॉकटेल द्या' असे म्हटले, तर समोर येतो तो उंच पेला. तळाशी फळांच्या फोडी, मध्ये आइस्क्रीम, वर जेली, काजू, बेदाणे, आणि खायला लांब दांड्याचा चमचा. घरातली लहान मुले आजीबरोबर बसून तो संपवतात. परगावचा पाहुणा पहिल्यांदा दचकतो, मग हसतो. गावाला या शब्दात काही वावगे वाटत नाही, कारण यात मद्याचा थेंबही नसतो.

मात्र या निरागस शब्दामुळे अकरावीच्या एका विद्यार्थ्याने मला पेचात टाकले. लग्नाच्या घरी त्याने हिरव्या सफरचंदाचे चित्र असलेली व्होडकाची बाटली पाहिली होती. चुलतभाऊ तीत लिंबू, साखर आणि सोडा मिसळून घरच्या घरी 'कॉकटेल' करत होता. मुलाने विचारले, "सर, यात फळच असतं ना? मग ते सरबतासारखंच झालं की!" 'वाईट असते, पिऊ नये' एवढे सांगून मी मोकळा झालो असतो, पण प्रश्न रसायनशास्त्राचा होता. थोडा इतिहासाचाही होता.

फळाचा रस आणि कडक मद्य एकत्र करण्याच्या इतिहासाची एक महत्त्वाची खूण आपल्या शेजारी, आंबोली घाटाच्या पायथ्यापलीकडे सापडते. जॉन फ्रायर हा ईस्ट इंडिया कंपनीचा शल्यवैद्य १६७२ ते १६८१ या काळात हिंदुस्थान व इराणमध्ये होता. त्याचे प्रवासवर्णन १६९८ मध्ये छापले गेले. त्यात तो सांगतो की, गोव्यातील नेरूल येथे उत्तम अरक होतो, किनाऱ्यावरचे इंग्रज त्यापासून 'पंच' नावाचे पेय करतात, आणि त्यात पाच जिन्नस पडतात म्हणून ते नाव. हिंदुस्थानी भाषेत पाचाला तसे म्हणतात. हे पेय माणसाला खिळखिळे करते, असेही हा वैद्य नोंदवतो. ही माणसे त्याच कंपनीची, जिच्या राजापूरच्या वखारीतले इंग्रज १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या बाजूने तोफा घेऊन पन्हाळ्याखाली आले होते.

हे पाच जिन्नस बहुधा असे सांगितले जातात : अरक, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला. पहिला वगळा. उरते ते आपले लिंबाचे सरबत किंवा जुने पानक. म्हणजे परदेशी पाहुण्यांनी आपल्या सरबतात अरक ओतला, एवढीच ती 'कृती'!

आता 'पंच' म्हणजे 'पाच' ही व्युत्पत्ती आपल्याला आवडते, हे उघड आहे. पण आवडते म्हणून ती सिद्ध होत नाही. इंग्रजी 'पंच' हा शब्द १६३२ च्या एका पत्रात आढळतो, म्हणजे फ्रायरचा खुलासा त्यानंतर कित्येक वर्षांनी आला आहे. १६३८ मध्ये सुरतेस आलेला जर्मन प्रवासी मांडेल्स्लो 'पालेपुंट्झ' नावाच्या पेयाचे वर्णन करतो. त्यात मद्य, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर आहे. मोजा, चारच होतात. शिवाय सतराव्या शतकात इंग्रज या शब्दाचा उच्चार 'पुंच'च्या जवळपास करत, असे भाषातज्ज्ञ दाखवतात. जर्मन 'पुंट्झ' आणि फ्रेंच 'पोंज' ही रूपेही तेच सुचवतात. काहींच्या मते हा शब्द 'पंचन' नावाच्या पिंपावरून, म्हणजे जहाजावरच्या मद्याच्या पिंपावरून आला. निकाल अजून लागलेला नाही. इतिहासाच्या तासाला 'पुरावा म्हणजे काय' हे शिकवायला इतके सोपे उदाहरण क्वचितच मिळेल.

फळाची चव असलेले मद्य मात्र याहून फार जुने आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणात 'सहकारसुरा', म्हणजे आंब्याची सुरा, नोंदलेली आहे. ती किण्वनाने, म्हणजे आंबवून केलेली. अशा पेयात मद्यार्काला एक मर्यादा असते : साधारण १५ टक्क्यांच्या आसपास पोचल्यावर यीस्टला स्वतःच तयार केलेला मद्यार्क सोसेनासा होतो. त्यापुढे जायचे तर ऊर्ध्वपातन हवे. 'अरक' हा अरबी शब्द, अर्थ 'घाम'. भांड्याच्या थंड भागावर वाफेचे थेंब जमताना ज्याने पाहिले आहेत, त्याला या नावाचे कारण सांगावे लागत नाही. माडाचा रस सकाळी गोड असतो, दुपारपर्यंत फसफसू लागतो, आणि तो भट्टीवर चढवला की अरक. पाणी १०० अंशांना उकळते, मद्यार्क ७८ अंशांना. हा सारा खेळ या २२ अंशांचा.

फळाचा वास मद्यात इतका चांगला का उतरतो? लिंबाच्या सालीतले सुगंधी तेल, ज्यात मुख्यतः लिमोनीन असते, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. मद्यार्कात सहज विरघळते. म्हणूनच जुन्या पंचात सालीला महत्त्व होते. वर्गात मद्य न आणता याचा एक भाऊबंद दाखवता येतो : पेलाभर पाण्यात डेटॉलचे चार थेंब टाका. पाणी दुधाळ होते. बाटलीत मद्यार्क व साबणाच्या आधाराने विरघळून राहिलेले चीडाचे तेल भरपूर पाणी मिळताच सूक्ष्म थेंबांच्या रूपाने बाहेर पडते, आणि ते थेंब प्रकाश विखुरतात.

व्होडकाची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. अरकाला माडाचा वास, फेणीला काजूच्या बोंडाचा. व्होडकाला कसलाच वास नको. १८३० मध्ये एनियस कॉफीने सतत चालणाऱ्या ऊर्ध्वपातन स्तंभाचे पेटंट घेतले. अशा स्तंभातून सुमारे ९५ टक्के शुद्धतेचा मद्यार्क मिळू लागला, त्यात कच्च्या मालाची ओळख जवळजवळ पुसलेली. मग त्यात पाणी घालायचे. चाळीस टक्क्यांचे प्रमाण मेंडेलीव्हने शोधले, ही दंतकथा अनेक पुस्तकांत आहे. त्याचा १८६५ चा प्रबंध मद्यार्क-पाणी मिश्रणावर होता हे खरे, पण रशियात हे प्रमाण १८४३ मध्येच ठरले होते. तेव्हा मेंडेलीव्ह नऊ वर्षांचा होता! त्याला कुतूहल होते ते वेगळ्याच गोष्टीचे : ५० मिलिलिटर मद्यार्क आणि ५० मिलिलिटर पाणी मिळून १०० होत नाहीत, सुमारे ९६ च भरतात.

ओळख पुसलेला मद्यार्क कशापासूनही होऊ शकतो. आपल्याकडे उसाच्या मळीपासूनही होतो. पंचगंगेच्या काठच्या लोकांना मळीचा वास सांगायला नको. आणि गंमत पुढेच आहे. ऊर्ध्वपातनात 'फ्युजेल तेल' नावाचा जोडपदार्थ निघतो. त्यातल्या आयसोअमाइल अल्कोहोलची ॲसेटिक आम्लाशी क्रिया केली की मिळते आयसोअमाइल ॲसिटेट, म्हणजे केळ्याचा इसेन्स. बारावीच्या मुलांनी शिकलेले एस्टर ते हेच. सफरचंदाचा वासही अशाच एस्टरांनी उभा करता येतो. बाटलीवरचे हिरवे सफरचंद बागेतूनच आले असेल, असे मुळीच नाही.

मी फळ्यावर हिशेब मांडला. आपल्याकडे बाटलीवर बहुधा ४२.८ टक्के लिहिलेले असते. ६० मिलिलिटरमध्ये सुमारे २५.७ मिलिलिटर मद्यार्क, घनता ०.७९ धरली तर २० ग्रॅम. मोठ्या माणसाचे यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम निकालात काढते. पेल्यात लिंबू पिळा, साखर घाला, सोडा ओता. हे २० ग्रॅम २० च राहतात. बदलते ती फक्त जिभेला मिळणारी सूचना. १७४० मध्ये ॲडमिरल व्हर्ननने खलाशांच्या रममध्ये पाणी मिसळण्याचा हुकूम काढला, त्यातही मद्य तेवढेच राहिले होते. पिण्याचा वेग कमी व्हावा, एवढाच हेतू.

"आणि दारूच घरी गाळली तर?" मागच्या बाकावरून प्रश्न आला. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने तो गुन्हा आहे, हे मी सांगितले. मग जून २०१५ मधली मुंबईतील मालवणीची घटना सांगितली, जिच्यात शंभरावर माणसे मेली. तिथे मारक ठरले ते मेथेनॉल. दिसायला इथेनॉलसारखेच, चवीवरूनही कळत नाही. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल होते आणि दृष्टीची नस आधी जाते.

तास संपल्यावर तो मुलगा टेबलाशी आला. "सर, मग आपल्या पेल्यातल्या कॉकटेलला केळ्याचा वास येतो, तो खरा की मळीचा?" मी म्हटले, तळाशी फोडी असतील तर दोन्ही असू शकतात, रेणू एकच आहे.