हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५०

निजामी राजवट संपल्यावर हैदराबाद राज्यात झालेला व मराठवाड्यात आजही लागू असलेला शेतजमीनविषयक कायदा (१९५० चा अधिनियम क्र. २१). अंमल १० जून १९५० पासून. नांदेड व लातूर जिल्ह्यांत लोक ‘कूळ कायदा’ म्हणतात तो हाच. पश्चिम महाराष्ट्राचा १९४८ चा आणि विदर्भाचा १९५८ चा कूळ कायदा वेगळा. महाराष्ट्र एक झाला तरी कुळांच्या बाबतीत तो आजवर तीन कायद्यांचाच प्रदेश आहे.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान शरण आले. पुढच्या वर्षी लष्करी गव्हर्नर जे. एन. चौधरी यांच्या कारकिर्दीत जहागिऱ्या रद्द झाल्या. जहागीरदार गेला, पण गावचा पट्टेदार, देशमुख आणि त्यांची जमीन बटईने वा खंडाने कसणारा शेतकरी हे नाते जागेवरच राहिले. निजामाच्या काळात असामी शिकमींसाठी, म्हणजे पट्टेदारांच्या कुळांसाठी, एक कायदा झालेला होता, पण त्याचा कुळांना फारसा आधार मिळाला नाही. तेलंगणात तेव्हा शेतकऱ्यांचा सशस्त्र उठाव चालू होता, आणि नव्या सरकारच्या घाईमागे त्याची भीती होती हे उघड आहे. १९५० चा कायदा झाला तेव्हा राज्यात निवडून आलेली विधानसभा नव्हती. पहिली निवडणूक १९५२ ची. म्हणजे कुळांच्या हक्कांचा हा मूळ मसुदा लोकप्रतिनिधींच्या चर्चेतून गेलेला नाही, तो सचिवालयात तयार झाला. मसुदा मात्र कच्चा नव्हता. त्यानंतरच्या दुबळेपणाचा दोष मसुदा लिहिणाऱ्यांवर टाकण्याची रीत आहे, ती बरोबर नाही.

कायद्याचा कणा कलम ३४ मधील ‘संरक्षित कूळ’. ठरावीक मुदतीत सलग सहा वर्षे जमीन कसली असेल तर ते कूळ संरक्षित. या मुदती फसली सनात दिल्या होत्या : १३४२ ते १३५२ फसली, म्हणजे साधारण १९३२ ते १९४३ या काळातली सहा वर्षे; किंवा १ जानेवारी १९४८ पूर्वीची लगतची सहा वर्षे; किंवा १३५३ फसलीपासून पुढे सुरू होऊन कायद्याच्या अंमलापूर्वी पुरी झालेली सहा वर्षे. सहा वर्षे कसली याचा पुरावा पहाणीपत्रकात, आणि पहाणीपत्रक पटवाऱ्याच्या हातात. कायद्याने कुळाला हक्क दिला, पण तो सिद्ध करण्याचे साधन ज्याच्याकडे ठेवले तो बहुधा मालकाच्याच ओसरीवर बसणारा होता. संरक्षित कुळांची नोंदवही १९५१ च्या सुमारास तयार झाली. आजही दाव्यांत ती आणि १९५४-५५ चे खासरा पहाणीपत्रक हेच दोन कागद आधी मागितले जातात.

१९५४ साली बुर्गुल रामकृष्ण राव यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. ‘कौटुंबिक धारणक्षेत्र’ ही कल्पना तेव्हा आली : पाच माणसांच्या कुटुंबाने स्वतः कसल्यास खर्च वजा जाता वर्षाला ८०० रुपये देईल एवढी जमीन. एकरांऐवजी उत्पन्न हे माप घेतल्याने मांजरा-गोदाकाठची काळी जमीन आणि बालाघाटावरचे माळरान एकाच तागडीत पडले नाही. जमीनधारणेची मर्यादाही याच मापावर, साडेचार पटींपर्यंत, बांधली गेली. देशात कमाल धारणेचे कायदे सर्वत्र होण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. कलम ३८ ने संरक्षित कुळाला जमीन विकत घेण्याचा हक्क दिला. कलम ३८-ई त्याच्याही पुढे गेले : सरकारने अधिसूचना काढताच त्या तारखेपासून मालकी आपोआप कुळाकडे. कुळाने अर्ज करण्याची वाटही पाहायची नाही.

संरक्षित कुळांची नोंद आणि ही दुरुस्ती यांच्या मधल्या काळात काय घडले ते अर्थशास्त्रज्ञ ए. एम. खुस्रो यांच्या १९५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीतून कळते. १९५१ मध्ये संरक्षित ठरलेल्या कुळांपैकी १९५४-५५ पर्यंत त्याच नात्याने जमिनीवर राहिलेली कुळे निम्म्याहून कमी, सुमारे ४५ टक्के. जमीन विकत घेतलेली सुमारे १२ टक्के. सुमारे २२ टक्के बेकायदा हुसकावलेली, आणि १७ टक्क्यांच्या आसपास कुळांनी जमीन ‘स्वखुशीने’ सोडलेली. रीतसर तहसीलदाराच्या हुकुमाने बेदखल झालेल्यांचे प्रमाण तीन टक्क्यांच्याही आत होते. हे आकडे सबंध हैदराबाद राज्याचे आहेत. राजीनामा लेखी हवा आणि तहसीलदारासमोर त्याची खातरजमा व्हायला हवी, अशी अट कलम १९ मध्ये होती. तरीही ही स्वखुशी एवढी पसरली, यावरून कायद्याचे शब्द आणि गावातली सत्ता यांतले अंतर मोजता येते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि एका कायद्याचे तीन वारसदार झाले. नांदेड जिल्ह्याचे मुधोळकडचे भाग आदिलाबादला गेले, बिच्कुंदा व जुक्कल ही मंडळे निजामाबादला. उलट किनवट आदिलाबादहून नांदेडला आले. बिदरमधून उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके उस्मानाबादला जोडले गेले. ते आज लातूर जिल्ह्यात (स्थापना १६ ऑगस्ट १९८२) आहेत. पुनर्रचना कायद्याने जुने कायदे जिथल्या तिथे चालू ठेवले. त्यामुळे उदगीर आणि कर्नाटकाकडे गेलेले भालकी काही वर्षे वेगळ्या राज्यांत असूनही एकाच कूळ कायद्याखाली होते. कर्नाटकाने १९६१ चा जमीन सुधारणा कायदा १९६५ मध्ये अमलात आणून आपल्या भागातला जुना कायदा रद्द केला. महाराष्ट्राने आणि आंध्राने तो ठेवला, पण आपापल्या परीने दुरुस्त केला. परिणाम गमतीचा आहे, वकिलांसाठी मात्र डोकेदुखीचा. कलम ५०-बी महाराष्ट्रात कुळाला मिळालेल्या जमिनीच्या विक्रीवर निर्बंध घालते. तेलंगणात याच क्रमांकाचे कलम कच्च्या खरेदीखतांवरचे व्यवहार नियमित करण्याविषयी आहे. नांदेडमधल्या देगलूरच्या दाव्यात तेलंगणातल्या बोधनचा निवाडा दाखवायचा असेल तर आधी कलमाचा मजकूर ताडून पाहावा लागतो.

मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला तेव्हा नांदेडचे शंकरराव चव्हाण महसूल खात्याचे उपमंत्री होते. त्या काळातल्या दुरुस्त्या पुढे टिकवण्यासाठी महाराष्ट्र विधिमंडळाला १९६१ मध्ये पुनःअधिनियमन, विधिमान्यकरण व अधिक सुधारणा असा तिहेरी हेतूचा कायदा (क्र. ४५) करावा लागला. १९६४ च्या सतराव्या घटनादुरुस्तीने तो नवव्या अनुसूचीत गेला. मूलभूत हक्कांच्या नावाखाली त्याला आव्हान देण्याची वाट त्यामुळे अरुंद झाली.

तरी अर्थ लावण्याचे काम थांबले नाही. कूळ आहे की नाही हे कलम ८ खाली तहसीलदार ठरवतो, अपील वरिष्ठ महसूल अधिकाऱ्याकडे, फेरतपासणी महसूल न्यायाधिकरणात. दिवाणी न्यायालयाला या प्रश्नात हात घालता येत नाही. त्यानंतरचा टप्पा उच्च न्यायालयाचा, आणि तिथला सर्वांत चिवट वाद ‘केव्हाही’ या शब्दाचा. तेलंगणातील कलम ५०-बी खाली जिल्हाधिकाऱ्याला जुनी प्रकरणे ‘केव्हाही’ स्वतःहून उघडता येत. सर्वोच्च न्यायालयाने २००३ च्या इब्राहिमपट्टणम प्रकरणात सांगितले की केव्हाही म्हणजे वाजवी मुदतीत. निवाडा खरेदीदाराला स्थैर्य देतो. पण कुळाने उशिरा जागे होण्याचे कारण अनेकदा दबलेपण हेच असते, आणि मुदतीचा हिशेब त्याला पुरेशी जागा देत नाही. याच्या उलट टोकाला १९८९ चा कोटय्या खटला आहे. बेकायदा हुसकावलेले संरक्षित कूळ अधिसूचनेच्या दिवशी प्रत्यक्ष ताब्यात नसले तरी जमीन त्याच्याचकडे होती असे मानायचे, या कलम ३८-ई च्या तेलंगणातील स्पष्टीकरणाचा लाभ न्यायालयाने तिथे कुळांना दिला.

महाराष्ट्रातली अलीकडची ठळक दुरुस्ती २०१४ च्या अधिनियम क्र. १ ची. कुळाने घेतलेली जमीन विकायला पूर्वी जिल्हाधिकाऱ्याची परवानगी लागे; सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ आणि ‘इतर हक्कां’त शेरा. आता खरेदीला दहा वर्षे झाली असल्यास शेतसाऱ्याच्या ४० पट नजराणा भरून पूर्वपरवानगीविना हस्तांतर करता येते. घेणारा शेतकरी असावा आणि कमाल धारणेत बसावा. शेतसारा एकरी काही रुपयांचाच असल्याने ही रक्कम नगण्य ठरते. एकेकाळी कसणाऱ्याची जमीन त्याच्या हातून निसटू नये म्हणून घातलेले कुलूप अशा रीतीने सैल झाले. ते सैल होणे रास्तच होते, कारण परवानगीच्या फेऱ्यांत पिळला जात होता तो कुळाचा नातूच.

मदतमाशसारख्या इनाम जमिनींना हा कायदा नव्हे तर १९५४ चा इनाम रद्द करणारा स्वतंत्र हैदराबाद कायदा लागू होतो. नांदेड-लातूर भागात जमीन घेणाऱ्याने सातबाऱ्यावर न थांबता १९५१ ची कूळ नोंदवही, १९५४-५५ चा खासरा आणि ३८-ई चे प्रमाणपत्र हे तिन्ही कागद तहसीलच्या अभिलेख कक्षातून काढून पाहावेत.