दाराबाहेरचा चषक

दोन वर्षांपूर्वी ऑगस्टच्या आरंभी आमच्या इतिहासाच्या शिक्षकांनी रजा घेतली आणि नववीचा एक तास माझ्या वाट्याला आला. मुख्याध्यापक झाल्यापासून फाइली, परिपत्रके आणि पालकांच्या तक्रारी यांतच दिवस जातो. त्यामुळे असा तास मिळाला की मला आनंदच होतो. बाहेर बेळगावी पाऊस धो धो कोसळत होता. पावसावरूनच मला एक छायाचित्र आठवले आणि पुस्तक मिटून मी मुलांना एका माणसाची हकिगत सांगितली. दक्षिण आफ्रिकेतील डर्बन शहरात 1963 साली एका भारतीय वंशाच्या खेळाडूने गोल्फची मोठी स्पर्धा जिंकली. पण गोऱ्यांच्या क्लबात त्याला प्रवेश नव्हता, म्हणून चषक त्याला बाहेर, भर पावसात देण्यात आला. गोरी मंडळी आत छपराखाली होती.

सांगून झाल्यावर तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, ‘‘सर, आत घेत नव्हते, तर त्यानं तो कप घेतलाच कशाला? तिथंच ठेवून यायचा होता.’’

घंटा झाली म्हणून मी सुटलो. पण प्रश्न काही सुटला नाही. त्या माणसाविषयी पूर्वी वाचलेले सारे मी पुन्हा एकदा ताडून पाहिले. हा लेख म्हणजे त्या मुलीला उशिरा दिलेले उत्तर आहे, असे समजा.

गोल्फ हा खेळ आपल्यापैकी बहुतेकांनी कुंपणाबाहेरूनच पाहिलेला असतो. मीही तसाच पाहिला. माझ्या लहानपणी आम्ही काही मुले सुट्टीत कॅम्पकडे जात असू. तिथल्या हिरव्यागार मैदानावर साहेबलोक एका काठीने पांढरा चेंडू दूर टोलवत आणि त्यांच्या मागून आमच्याच वयाची पोरे काठ्यांची जड पिशवी खांद्यावर घेऊन चालत. त्या पोरांना ‘कॅडी’ म्हणतात हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. खेळाचा नियम तसा सोपा आहे. अठरा ठिकाणी जमिनीत खळगे असतात. कमीत कमी टोल्यांत चेंडू त्या सर्वांत घालायचा. मोठ्या स्पर्धेत अशा चार फेऱ्या होतात आणि ज्याचे एकूण टोले सर्वांत कमी, तो जिंकला. या खेळात पंचाची मर्जी चालत नाही की जोडीदाराची मदत होत नाही. टोल्यांची बेरीज तेवढी बोलते. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढच्या कथेत तिला महत्त्व आहे.

त्या खेळाडूचे नाव सूशंकर सूगोलम. सगळे जग त्याला ‘पापवा’ म्हणून ओळखत असे. त्याचा जन्म 1928 च्या सुमारास डर्बनमध्ये झाला. तिथे हे भारतीय कुटुंब कसे, असे मुलांनीही विचारले होते. 1860 ते 1911 या काळात नाताळ प्रांतातील उसाच्या मळ्यांसाठी भारतातून सुमारे 1 लाख 52 हजार माणसे पाच-पाच वर्षांच्या करारावर नेण्यात आली. ‘ॲग्रीमेंट’ या शब्दाचे ‘गिरमिट’ झाले आणि ती माणसे गिरमिटिये झाली. करार संपल्यावर जे तिथेच राहिले, त्यांच्यावर 1895 च्या कायद्याने माणशी तीन पौंडांचा वार्षिक कर बसला. मळ्यावर राबणाऱ्याची कित्येक महिन्यांची मजुरी त्यात जाई.

इथे आपल्या भागाचा एक धागा येतो. बेळगावहून कोल्हापूरला जाताना लागणाऱ्या कागलमध्ये ज्यांचे बालपण गेले, त्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1910 साली कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदेमंडळात ठराव मांडून नाताळसाठी होणारी ही मजूरभरती बंद करायला लावली. 1912 साली गांधीजींच्या निमंत्रणावरून ते स्वतः दक्षिण आफ्रिकेला गेले आणि तीन पौंडांच्या कराविषयी तिथल्या मंत्र्यांशी बोलले. कर रद्द होईल, असा विश्वास घेऊन ते परतले. तो शब्द पाळला गेला नाही म्हणूनच 1913 चा मोठा सत्याग्रह झाला आणि 1914 साली कर उठला. कर गेला, पण दार उघडले नाही. पापवा जन्मला तो याच दारापुढे.

घरी अठराविश्वे दारिद्र्य. शाळा त्याला मिळालीच नाही. लिहिणे-वाचणे त्याला कधी आले नाही. घराजवळ समुद्राकाठी बीचवुड नावाचे गोल्फचे मैदान होते. झाडाच्या फांदीची काठी करून तो खेळू लागला आणि पोटासाठी त्याच मैदानावर कॅडी झाला. खेळ शिकवायला कोणी नव्हते. त्यामुळे काठी धरण्याची त्याची पद्धत जगावेगळी झाली. उजव्या हाताने खेळणारा माणूस डावा हात वर आणि उजवा हात खाली धरतो. पापवा नेमका उलटा धरी. उजवा वर, डावा खाली. कोणत्याही शिक्षकाने पहिल्याच दिवशी ती मोडून काढली असती. माझ्या उमेदीच्या काळात डावखुऱ्या मुलांच्या हातातील खडू मी काढून उजव्या हातात दिलेला आहे, म्हणून हे लिहिताना मला थोडी शरम वाटते. त्या उलट्या पकडीला पुढे त्याच्याच नावाने ओळखले जाऊ लागले.

बीचवुडवर ग्रॅहम वुल्फ नावाचा एक गोरा रसायनतज्ज्ञ खेळायला येई. ‘ऑइल ऑफ ओले’ हे चेहऱ्याला लावायचे द्रव्य तयार करणारा तो हाच. आपल्या कॅडीचा खेळ पाहून तो थक्क झाला. त्याने पापवाला आपल्या कारखान्यात काम दिले आणि 1959 साली स्वतःच्या लहान विमानातून युरोपात नेले. ज्याला आपल्या गावातील चांगल्या मैदानावर हक्काने पाऊल टाकता येत नव्हते, त्याने त्याच वर्षी हॉलंडची राष्ट्रीय खुली स्पर्धा जिंकली. 1960 साली पुन्हा जिंकली आणि 1964 साली तिसऱ्यांदा. 1963 च्या ब्रिटिश खुल्या स्पर्धेत तो संयुक्त तेराव्या क्रमांकावर आला. योगायोग असा, की त्या वर्षीची ती स्पर्धा न्यूझीलंडच्या बॉब चार्ल्सने जिंकली आणि मोठी स्पर्धा जिंकणारा तो पहिला डावखुरा ठरला. हात कसाही धरा, चेंडू खळग्यात गेला की झाले.

मायदेशी मात्र हिशेब निराळा होता. 1948 साली वर्णविद्वेषी पक्ष सत्तेवर आला. 1950 च्या कायद्याने कोणत्या वर्णाच्या माणसाने कुठे राहायचे हे ठरवले. 1953 च्या कायद्याने बाक, बस, समुद्रकिनारा, सारे वेगळे केले. अशा देशात गोऱ्यांच्या मैदानावरील स्पर्धेत उतरायचे तर सरकारी परवाना हवा. पापवाला 1963 च्या नाताळ खुल्या स्पर्धेसाठी तो मिळाला. परवान्याचा अर्थ एवढाच, की मैदानावर चालायला आणि चेंडू टोलवायला हरकत नाही. कपडे बदलणे, खाणे-पिणे, इतर खेळाडूंबरोबर बसणे हे त्यात येत नव्हते. ते सारे त्याने आपल्या गाडीत करावे.

डर्बन कंट्री क्लबच्या मैदानावर तो खेळला आणि जिंकला. बक्षीस देण्याची वेळ आली तेव्हा पाऊस पडत होता. क्लबात नेता येत नाही, म्हणून विजेत्याला बाहेर ठेवून चषक देण्यात आला. पुढे सांगणाऱ्यांनी या प्रसंगात एक खिडकी घातली आणि चषक खिडकीतून दिला, अशी कथा झाली. लोककथेला अशी खिडकी नेहमी सापडते. खिडकी बाजूला ठेवली तरी मूळ गोष्ट रतिभरही कमी होत नाही: ज्याने सर्वांना हरवले तो बाहेर भिजत होता आणि हरलेले आत कोरडे होते. ते दृश्य जगभरच्या वृत्तपत्रांत छापून आले. वर्णविद्वेष म्हणजे काय, हे ज्यांना कायद्याच्या कलमांतून कळले नव्हते, त्यांना ते चित्र पाहून कळले. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकचे दक्षिण आफ्रिकेला दिलेले निमंत्रण मागे घेण्यात आले आणि 1970 साली त्या देशाला ऑलिंपिक चळवळीतून काढून टाकण्यात आले. एका छायाचित्राने एवढे सारे घडले असे मी म्हणणार नाही. पण बहिष्काराची मागणी करणाऱ्यांच्या हातात ते एक चांगले साधन होते. भारताने तर 1946 सालीच त्या देशाशी व्यापार तोडला होता. 1974 साली डेव्हिस चषक टेनिसची अंतिम लढत दक्षिण आफ्रिकेशी आली, तेव्हा आपण खेळलोच नाही. चषक त्यांना जाऊ दिला.

पापवाची कथा 1963 ला संपत नाही. 1965 साली त्याने नाताळची स्पर्धा पुन्हा जिंकली आणि या वेळी हरलेल्यांत गॅरी प्लेअर होता. प्लेअर हा त्या देशाचा लाडका खेळाडू. त्याच वर्षी त्याने अमेरिकेची खुली स्पर्धा जिंकली आणि जगातील चारही सर्वोच्च स्पर्धा जिंकणारा तो तिसरा खेळाडू ठरला. त्या काळी तो उघडपणे वर्णविद्वेषी राजवटीची बाजू घेत असे. पुढे त्याने ते मत सोडले. अशा खेळाडूला अक्षरशून्य कॅडीने, उलट्या हाताने, सर्वांच्या देखत हरवले. टोल्यांची बेरीज खोटी म्हणता येत नव्हती.

मग राजवटीने दुसरा मार्ग घेतला. 1966 साली पापवावर देशातील स्पर्धांत खेळायला बंदी आली. प्रेक्षक म्हणूनही त्याला तिथे जाता येईना. त्याचे पारपत्र काढून घेतले गेले, म्हणजे परदेशात खेळण्याचीही वाट बंद. तो हरला नव्हता, म्हातारा झाला नव्हता, हात थकले नव्हते. ज्याला कागद वाचता येत नव्हता, त्याची कारकीर्द कागदानेच संपवली. पुढची वर्षे गरिबीत गेली आणि 1978 साली हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला. वय पन्नासच्या आसपास. ती राजवट कोसळायला त्यानंतर सोळा वर्षे लागली. डर्बनमधील महापालिकेच्या एका गोल्फ मैदानाला त्याचे नाव देण्यात आले.

इथवर वाचून गोऱ्यांच्या नावाने बोटे मोडणे सोपे आहे. पण आपले धारवाड बेळगावहून किती लांब? त्या धारवाडात पळवणकर बाळूंचा जन्म झाला. चर्मकार समाजातील हा डावखुरा गोलंदाज पुण्यात गोऱ्या साहेबांना सरावासाठी तासन्‌तास चेंडू टाकी. त्याचे कसब पाहून हिंदूंच्या क्लबाने त्याला संघात घेतले. मैदानावर चेंडू हातोहात फिरे, त्याला विटाळ नव्हता. चहाच्या वेळी मात्र बाकीचे आत आणि बाळू बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यातून चहा पिणार. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेणाऱ्या या माणसाला हिंदू संघाचे कर्णधारपद कधी मिळाले नाही. ते 1923 साली त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळाले. डर्बनच्या क्लबाला सरकारी कायद्याची सबब तरी होती. पुण्यात तसा कायदा नव्हता. तिथले दार आपणच लावले होते.

आता त्या मुलीचा प्रश्न.

तास झाल्यावर दहा-बारा दिवसांनी पंधरा ऑगस्ट आला. झेंडावंदनानंतर दहावीत शाळेत पहिल्या आलेल्या मुलाचा सत्कार होता. शाल, नारळ, टाळ्या, सारे यथासांग झाले. मग पाऊस आला आणि मी पाहुण्यांना लगबगीने कार्यालयात नेले. उपमा झाला, कुंद्याच्या बशा फिरल्या, चहा आला. चहा पिता पिता माझे लक्ष बाहेर गेले. तो मुलगा आणि त्याची आई वळचणीला उभी होती. आई चार घरची धुणी-भांडी करते. शाल भिजू नये म्हणून तिने ती घडी करून पदराखाली धरली होती. त्यांना कोणी अडवले नव्हते. पण या म्हणूनही कोणी म्हटले नव्हते, आणि म्हणायचे काम माझे होते.

मी बाहेर जाऊन त्यांना आत आणले. बाईंनी चपला दाराबाहेर काढल्या. आत पाहुण्यांचे बूट तसेच होते. बसा म्हटले तरी त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या आणि कुंद्याची बशी त्यांनी मुलापुढे सरकवली. मी बोललो ते काय, आज आठवत नाही. काहीतरी औपचारिकच बोललो असेन.

दुसऱ्या दिवशी मी नववीच्या वर्गात गेलो आणि त्या मुलीला म्हणालो, ‘‘बाळ, त्यानं कप घेतला, कारण तो त्यानं जिंकला होता. ठेवून आला असता, तर कप कुणाचा, असा वाद काढायला लोक मोकळे झाले असते. भिजत का होईना, हातात घेऊन उभा राहिला, म्हणून आज साठ वर्षांनी तू मला विचारू शकलीस.’’

तिला ते पटले की नाही, कोण जाणे. ती खाली बसली आणि वहीत काहीतरी लिहू लागली, डाव्या हाताने. मी काही बोललो नाही.

त्या वर्षापासून आमच्या शाळेत एक लहानसा बदल झाला आहे. सत्कार झालेली मुले आणि त्यांचे आईवडील आधी आत बसतात. पाहुणे नंतर.